सिम्पसन्सच्या घरातली महिनाअखेर

'द सिम्पसन्स' ही मालिका आज पहिल्यांदा पाहायला घेणाऱ्याची पहिली अडचण तिच्या आकाराची असते. १७ डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ही ॲनिमेशन मालिका अजून संपलेली नाही. तिचे साडेसातशेहून अधिक भाग झाले आहेत आणि चाळिसाव्या पर्वापर्यंतची मंजुरी तिला २०२५ मध्येच मिळाली आहे. एवढा डोंगर पाहून माणूस एक तर पायथ्यापासूनच परत फिरतो, नाही तर मिळेल तो भाग उघडून पाहतो आणि या मालिकेचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न घेऊन उठतो. म्हणून हे परीक्षण सबंध मालिकेचे नाही. पहिल्या आठ पर्वांचे, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातील १७८ भागांचे, आहे. मालिकेची खरी कमाई याच भागांत आहे आणि तिच्या पुढच्या घसरणीचे कारणही याच भागांच्या शेवटी सापडते, असे माझे मत आहे.

कुटुंब सर्वांना चेहऱ्याने तरी ठाऊक असते. पिवळ्या रंगाची, चार बोटांची ही माणसे स्प्रिंगफील्ड नावाच्या गावात एव्हरग्रीन टेरेसवरील ७४२ क्रमांकाच्या घरात राहतात. हे गाव अमेरिकेच्या कोणत्या राज्यात आहे हे मालिका कधीच सांगत नाही. होमर हा बाप अणुऊर्जा प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक आहे आणि प्रकल्पाच्या सुरक्षेला सर्वांत मोठा धोका त्याचाच आहे. मार्ज ही आई निळ्या केसांचा मनोरा सांभाळत घर चालवते. दहा वर्षांचा बार्ट उनाड, आठ वर्षांची लिसा वयाच्या मानाने फारच शहाणी आणि मॅगी तोंडातली चोखणी न सोडणारी तान्ही मुलगी. मॅट ग्रेनिंग यांनी ही पात्रे निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांच्या कार्यालयाबाहेर ताटकळत असताना रचली आणि नावे थेट आपल्या घरातली दिली. त्यांच्या वडिलांचे नाव होमर, आईचे मार्गारेट आणि बहिणींची लिसा व मॅगी. स्वतःचे नाव मात्र त्यांनी मुलाला दिले नाही, तर 'ब्रॅट' म्हणजे वांड पोर या शब्दाची अक्षरे फिरवून 'बार्ट' केले. १९८७ पासून 'द ट्रेसी उलमन शो' या विनोदी कार्यक्रमात या कुटुंबाच्या ४८ छोट्या चित्रफिती दाखवल्या गेल्या आणि त्यांतूनच ब्रुक्स, ग्रेनिंग व सॅम सायमन यांनी अर्ध्या तासाची मालिका उभी केली.

या कुटुंबाचे वर्णन करताना 'विस्कटलेले' हे विशेषण हमखास वापरले जाते. बाप बेजबाबदार, मुलगा वाया गेलेला, आई सोसणारी, मुलगी एकाकी. विनोद त्यातून निर्माण होतो, असे मानले जाते. मला हे निदान अर्धवट वाटते. नुसत्या मूर्खपणावर एखाद-दुसरे पर्व निघते, आठ निघत नाहीत. या घरातल्या जवळजवळ प्रत्येक फजितीच्या मुळाशी पैशाची चणचण आहे. होमर मूर्ख आहे हे खरेच, परंतु त्याचा मूर्खपणा कामाला लागतो तो महिनाअखेरीला, आणि त्यामुळेच तो हास्यास्पद होऊनही आपला वाटतो.

पहिलाच भाग पाहावा. नाताळ तोंडावर आला आहे. मार्जने बरणीत साठवलेले पैसे बार्टने परस्पर गोंदवून घेतलेली आकृती काढून टाकण्यात खर्च झाले आहेत, आणि त्याच दिवशी प्रकल्पाचे मालक बर्न्स यंदा बोनस नाही असे जाहीर करतात. बोनस मिळाला नाही हे बायकोला सांगण्याचे धैर्य होमरला होत नाही. एरवीच्या विनोदी मालिकेत या लपवाछपवीचा गोंधळ वीस मिनिटे चालला असता. येथे होमर गुपचूप एका बाजारसंकुलात सांताक्लॉजची नोकरी धरतो. खोटी दाढी, खोटे पोट आणि मांडीवर एकामागून एक बसणारी परकी मुले असा तो सारा अपमान सोसल्यावर हाती पडतात तेरा डॉलर. बाकीची रक्कम पोशाख, दाढीचे भाडे आणि प्रशिक्षण यांच्या वजावटीत गेलेली असते. पगाराच्या चिठ्ठीतील कपातीचा रकाना ज्याने एकदा तरी डोळे विस्फारून वाचला आहे, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. ते तेरा डॉलर होमर कुत्र्यांच्या शर्यतीत लावतो, तेही नव्याण्णवास एक असा भाव असलेल्या कुत्र्यावर, केवळ त्याचे नाव नाताळाशी जुळते म्हणून. कुत्रा शेवटचा येतो, मालक त्याला हाकलून देतो, आणि बोनस राहिला बाजूला, होमर ते कुत्रे घेऊन घरी येतो. घरच्यांना वाटते, हीच नाताळची भेट. होमर त्यांचा समज दुरुस्त करत नाही.

या भागाची रचना मला आजही थक्क करते. त्यात एकही प्रसंग चमत्कारिक नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने भाग पाडलेली आहे आणि शेवटचे सुख चुकून मिळालेले असले तरी फुकट मिळालेले नाही. हा भाग मुळात पहिला म्हणून ठरलेला नव्हता, ही गोष्टही सांगण्याजोगी आहे. आधी तयार झालेल्या भागाचे ॲनिमेशन फसल्यामुळे तो मागे ठेवला गेला आणि पर्वाच्या शेवटी दाखवला गेला. मालिकेचा जन्मच अशा ओढाताणीत झाला हे एका परीने शोभून दिसते.

त्याच पर्वात जानेवारी १९९० मध्ये आलेला कुटुंब-समुपदेशनाचा भाग याहून धारदार आहे. आपले कुटुंब इतरांसारखे नाही याची लाज वाटून होमर सर्वांना एका डॉक्टरकडे नेतो आणि त्यांची अडीचशे डॉलरची फी भरण्यासाठी घरातला दूरदर्शन संच गहाण टाकतो. दूरदर्शन हा या घराचा देव आहे. तो गहाण पडतो यावरून संकटाची खोली कळावी. उपचार म्हणून डॉक्टर सर्वांना विजेच्या खुर्च्यांवर बसवून एकमेकांना धक्के देण्याची सोय करतात, आणि हे पाच जण एकमेकांना इतक्या उत्साहाने धक्के देतात की गावातले दिवे मंद होतात. शेवटी डॉक्टर हात टेकतात आणि जाहिरातीत कबूल केल्याप्रमाणे दुप्पट पैसे परत करतात. त्या पाचशे डॉलरचा नवा संच घेऊन कुटुंब आनंदाने घरी निघते. उपचार फसला, पण घर जुळले. कोणत्याही पात्राच्या तोंडी एकही शहाणपणाचे वाक्य न घालता हे साधले आहे.

पुढच्या पर्वांत हाच धागा अधिक कसदार होतो. लिसाला दिलेला शब्द मोडल्याची भरपाई म्हणून होमर कर्ज काढून तिला तट्टू आणून देतो, आणि त्या तट्टाच्या तबेल्याचा खर्च भागवण्यासाठी दिवसाची नोकरी सांभाळून रात्री किराणा दुकानात उभा राहतो. झोपेने तारवटलेल्या बापाला पाहून लिसा स्वतःहून तट्टू सोडते. १९९२ मधील हृदयशस्त्रक्रियेच्या भागात खर्चाचा आकडा ऐकूनच होमरला दुसरा झटका येतो; तेव्हा तो कोणतीही शस्त्रक्रिया १२९ डॉलर ९५ सेंटमध्ये करून देणाऱ्या, जाहिरातबाज आणि अर्धशिक्षित डॉक्टरकडे जातो, आणि ऐन वेळी त्या डॉक्टरला काय कुठे कापायचे हे आठ वर्षांची लिसा सांगते. अमेरिकेतील आरोग्यसेवेच्या खर्चावर लेख पुष्कळ लिहिले गेले असतील, परंतु त्या आकड्यातील ९५ सेंटइतके बोलके त्यांत फारसे काही आढळत नाही.

या सर्वांवरचा तुरा म्हणजे ११ मार्च १९९३ रोजी दाखवला गेलेला संपाचा भाग. कामगारांची दंतविमा योजना बंद करण्याच्या मोबदल्यात बर्न्स संघटनेला बिअरचे एक पिंप देऊ करतात आणि सारे कामगार आनंदाने रांगेत उभे राहतात. होमरच्या डोक्यात मात्र दोन वाक्ये घुमू लागतात. एक दंतविमा गेल्याचे, दुसरे लिसाच्या दातांना तारा बसवाव्या लागणार असल्याचे. ही दोन वाक्ये आळीपाळीने इतक्या वेळा येतात की प्रेक्षकाला संबंध केव्हाच कळलेला असतो आणि होमरला कळत नसतो. मग एकदाचा प्रकाश पडतो आणि तो संघटनेचा अध्यक्ष होतो. वाटाघाटीच्या वेळी त्याला प्रसाधनगृहात जायची घाई झालेली असते. तिचा अर्थ बर्न्स कमालीचा कणखरपणा असा लावतात. तेवीस मिनिटांत कामगार चळवळ, भांडवलदाराची दर्पोक्ती, बापाची माया आणि शारीरिक विनोद हे सर्व बसवलेले आहे, आणि कुठेही कोंबल्यासारखे वाटत नाही. एकच भाग पाहायचा असेल तर हाच पाहावा.

पैशाची ही टंचाई शाळेच्या प्रसंगांत गुणांच्या टंचाईचे रूप घेते. ऑक्टोबर १९९० मध्ये आलेल्या भागात बार्ट आयुष्यात पहिल्यांदा मनापासून अभ्यास करतो आणि तरीही एका गुणाने नापास होतो. रडता रडता तो आपली तुलना १७५४ मध्ये फोर्ट नेसेसिटी हा किल्ला फ्रेंचांच्या हवाली करावा लागलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनशी करतो, आणि अशी आडवळणाची ऐतिहासिक माहिती त्याला आहे हे पाहून शिक्षिका एक गुण वाढवून देते. काठावर पास, तेही वजा चिन्हासह. होमर ती उत्तरपत्रिका फ्रिजच्या दारावर लावतो. या मालिकेतले विजय असे असतात, आणि म्हणूनच ते खोटे वाटत नाहीत.

अशा कुटुंबावर सत्ताधाऱ्यांचा राग होणे स्वाभाविक होते. जानेवारी १९९२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका भाषणात अमेरिकी कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हावीत, असे म्हटले. 'द वॉल्टन्स' ही १९३०च्या महामंदीत गुण्यागोविंदाने राहणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची मालिका होती. काही दिवसांतच एका पुनःप्रक्षेपित भागाच्या सुरुवातीला नवा तुकडा जोडला गेला आणि त्यात बार्टने उत्तर दिले की आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपण्याची प्रार्थना करत आहोत. देशात तेव्हा आर्थिक ओढ होतीच. अध्यक्षांनी संस्कारांचा मुद्दा काढला आणि मालिकेने तो नेऊन पैशावर ठेवला, हे मला या सर्व प्रकरणातले सर्वांत नेमके वाटते.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात. पहिल्या पर्वाची चित्रे ओबडधोबड आहेत, चेहरे एका दृश्यातून दुसऱ्यात बदलल्यासारखे वाटतात आणि होमरचा आवाजही वेगळा लागतो. हे सोसावे लागते. दुसऱ्या पर्वापासून डॅन कॅस्टेलानेटा यांनी होमरसाठी जो आवाज धरला तो कायम राहिला. ज्युली कॅव्हनर यांची घोगरी मार्ज, यार्डली स्मिथ यांची लिसा आणि नॅन्सी कार्टराइट यांचा बार्ट हे आवाज पात्रांपासून वेगळे काढताच येत नाहीत. कार्टराइट मुळात लिसाच्या भूमिकेसाठी चाचणीला गेल्या होत्या आणि तेथे बार्टचे वर्णन वाचून त्यांनी तोच मागून घेतला. शीर्षकसंगीत डॅनी एल्फमन यांचे आहे, तर भागांतले संगीत दीर्घकाळ आल्फ क्लाउसेन यांनी दिले. अनेक प्रसंगांत हसवण्याचे निम्मे काम हे संगीत गंभीर चेहऱ्याने करते.

एक दोष मात्र लपवण्यासारखा नाही. किराणा दुकानदार अपू हा मालिकेतला सर्वांत ठळक भारतीय आहे, आणि त्याचा आवाज हँक अझारिया हे गोरे अभिनेते जाणूनबुजून ओढलेल्या उच्चारांत देत असत. या भागांत अपू कष्टाळू, हजरजबाबी आणि पुष्कळदा होमरपेक्षा शहाणा दाखवला आहे, हे खरे. परंतु अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना वर्गात त्याच उच्चारांनी चिडवले गेले, हेही तितकेच खरे आहे. भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदी कलाकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये यावर माहितीपट काढला आणि २०२० मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली. मालिकेचा गाभा जर सामान्य माणसाच्या ओढाताणीत असेल, तर दिवसरात्र दुकान उघडे ठेवणाऱ्या स्थलांतरिताची ओढाताण तिने उच्चाराच्या विनोदाखाली दडपायला नको होती. जुने भाग पाहताना ही खोच आता लागतेच.

आता घसरणीकडे. १९९५ मधील एका भागात मॅगीचे एकही छायाचित्र घरात का नाही, याची गोष्ट येते. कर्ज फिटल्यावर होमर अणुप्रकल्पाला रामराम ठोकून आवडीची, कमी पगाराची नोकरी धरतो. मग मार्जला पुन्हा दिवस जातात आणि त्याला प्रकल्पाच्या दारात नाक घासत परत जावे लागते. बर्न्स त्याच्या टेबलासमोर, तू इथे कायमचा आहेस हे विसरू नकोस, अशा अर्थाची पाटी लावतात. होमर मॅगीची छायाचित्रे त्या पाटीवर अशी चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून 'हे तिच्यासाठी कर' असा मजकूर तयार होतो. अभाव, अपमान आणि माया यांचा हा मेळ मालिकेने गाठलेली सर्वोच्च जागा आहे.

दोनच वर्षांनी, ४ मे १९९७ रोजी, फ्रँक ग्राइम्सचा भाग आला. लेखक जॉन स्वार्ट्झवेल्डर. पर्वाची धुरा बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांच्याकडे. ग्राइम्स हा आयुष्यभर हाल काढून वर आलेला, शिस्तीचा कर्मचारी आहे. त्याच्या खोलीच्या वरही बोलिंगचा आखाडा आहे आणि खालीही. होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. तेथे प्रशस्त घर, दारात दोन गाड्या, सुस्वभावी कुटुंब आणि ताटात लॉब्स्टर पाहून ग्राइम्सचा तोल जातो. कामचुकार माणसाला हे सर्व मिळालेच कसे, असा त्याचा प्रश्न आहे, आणि मालिकेकडे त्याचे उत्तर नाही. ग्राइम्स अखेर वेडाच्या भरात होमरची नक्कल करत उच्चदाबाच्या तारांना हात लावून मरतो आणि त्याच्या अंत्यविधीत होमर झोपेत बरळून सर्वांना हसवतो. भाग क्रूर आहे, आणि विलक्षण हुशारही. पण त्याने मालिकेच्या पायातली वीटच काढून दाखवली. पहिल्या पर्वात तेरा डॉलरसाठी खोटी दाढी लावणारा माणूस आता ज्याचा हेवा करावा असा सुखवस्तू झाला होता, हे लेखकांनीच कबूल केले. त्यानंतर होमर दर काही भागांनी नवा व्यवसाय करतो, कुटुंब परदेशी हिंडते, पाहुणे म्हणून नामवंत येतात, आणि खर्चाचा हिशेब कोणी विचारत नाही. फजित्या संख्येने वाढतात, पण कुटुंबाला त्यांची झळ लागेनाशी होते. पुढच्या पर्वांत चांगले भाग नाहीत असे नाही; ते शोधावे लागतात.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या 'फॅमिली गाय'ने नेमकी ही झळ नसलेली फजितीच उचलली आणि तिचा वेग वाढवला. ती मालिका मला एका बैठकीत दोन भागांपलीकडे पाहवत नाही. १९९७ ची 'किंग ऑफ द हिल' उलट दिशेने गेली. तिचा नायक गॅसच्या टाक्या विकतो आणि नोकरीचा अभिमान बाळगतो. सिम्पसन्सची पहिली पर्वे ज्यांना आवडतील त्यांनी पुढचा मुक्काम तेथे करावा.

पाहण्याच्या सोयीविषयी एक महत्त्वाची सूचना. २००९ पर्यंतचे भाग जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ते आले तेव्हा रुंद पडदा भरण्यासाठी त्यांची वरची आणि खालची बाजू कापली गेली होती, आणि त्यात कित्येक दृश्यविनोद नाहीसे झाले. सर्वांत गाजलेले उदाहरण बिअरच्या कारखान्याचे. तीन वेगवेगळ्या नावांच्या बिअरच्या टाक्या शेजारी शेजारी आहेत आणि मूळ चौकटीत तिन्हींना वरून एकच नळ आलेला दिसतो. कापलेल्या चौकटीत तो नळच गायब होता. तक्रारी झाल्यावर मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय देण्यात आला. भाग सुरू करण्यापूर्वी तो निवडला आहे ना, हे अवश्य पाहावे. डीव्हीडी संच कोठे हाती लागलेच तर ते अधिक चांगले, कारण त्यांत चौकट मूळ आहे आणि प्रत्येक भागावर लेखक-दिग्दर्शकांची ध्वनिमुद्रित चर्चाही आहे.

दहा-अकरा वर्षांपुढील मुलांसोबत बहुतेक भाग निर्धास्त पाहता येतील. हॅलोविनचे विशेष भाग मात्र आधी स्वतः पाहून ठरवावे, त्यांत रक्तपात आहे. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत, कारण दुकानांच्या पाट्या आणि फळ्यावरची वाक्ये यांत बरेच काही दडलेले असते आणि तिकडे नजर गेली की संवाद निसटतो. सुरुवात दुसऱ्या पर्वातील बार्टच्या परीक्षेच्या भागापासून करावी, मग तट्टू, मग संप, मग मॅगीची छायाचित्रे. ग्राइम्सचा भाग अगदी शेवटी. पहिले पर्व, त्याच्या वेड्यावाकड्या चित्रांसह, त्यानंतर पाहिले तरी चालेल. तोवर ते तेरा डॉलर होमरला किती जड गेले असतील, हे अधिक नीट कळते.